टू मच की मच टू? कसं ठरवायचं

'दोन्ही सारखंच, कुठलंही वापरा' असं कोणी शिकवत असेल तर सरळ उठून या. प्रमाणाबाहेर हा अर्थ दोन्हीत आहे, पण एकाच्या जागी दुसरं बसत नाही. आणि 'मराठीत भाषांतर करून ठरवा' हा सल्ला तर त्याहून भारी, कारण आपलं 'जास्त' कुठेही खपतं, जास्त साखर, जास्त गोड, जास्त बोलतो, त्यामुळे भाषांतर करून काहीच कळत नाही.

आधी पुढचा शब्द बघा. नाम असेल तर टू मच, म्हणजे टू मच शुगर, टू मच ट्रॅफिक. विशेषण असेल तर मच टू, म्हणजे मच टू स्वीट. कार्ससारखं मोजता येणारं असेल तर टू मेनी, हे शाळेत झालंय, पुढे चला.

शंका आली तर मच काढून बघा. 'द टी इज टू स्वीट' उभं राहतं, मग तिथे मच टू. 'टू शुगर' धाडकन पडतं, मग टू मच.

आता खरी गोची, मीही इथेच अडकायचे. मध्ये विशेषण आणि मागून नाम आलं की वरची ट्रिक दगा देते. 'आय एट टू मच स्पायसी फूड' घ्या, पुढचा शब्द विशेषण आहे म्हणून लोक हे चूक ठरवून मोकळे होतात. अहो, ते बरोबर आहे! फक्त अर्थ असा की तिखट खाणं जास्त झालं, भाजी कदाचित बेताचीच तिखट असेल. तिखटपणाच जास्त झालाय म्हणायचं असेल तर 'द फूड इज मच टू स्पायसी'. म्हणून इथे शब्द बघत बसू नका, जास्त काय झालंय ते विचारा, वस्तू की तिचा गुण. वस्तू असेल तर टू मच, गुण असेल तर मच टू. आणि 'द फूड इज टू मच स्पायसी' हे जे आपल्याकडे सर्रास चालतं ना, ते कृपा करून बंद करा.

क्रियापदानंतर टू मच: ही टॉक्स टू मच.

'टू मच बेटर' असं काही नसतं, नुसतं मच बेटर. 'मच टू मेनी'च्या वाटेलाही जाऊ नका, तिथे इंग्लिशमधलं फार (far) लावून 'फार टू मेनी' म्हणा. हे इंग्लिश फार खरं तर सगळीकडे चालतं, फार टू मच शुगर, फार टू स्वीट, आपल्या 'फार'शी त्याचं नातं काही नाही पण लक्षात राहायला बरं पडतं, फक्त पुढचा टू खाऊ नका, नुसतं 'फार स्वीट' मराठीतच शोभतं.