वजन कमी करायचंय तर सुरुवात कुठून करायची

वजन कमी करायचं ठरवलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी सगळं एकदम करायला जातात, साखर बंद, रात्रीचं जेवण बंद, पहाटे उठून पळायला सुरुवात, आणि दोन-तीन आठवड्यांत गुडघा तरी दुखायला लागतो नाहीतर मन तरी विटतं आणि मग सगळंच सुटतं. मग माणूस "माझ्यात जिद्दच नाही" म्हणून स्वतःला दोष देत बसतो. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं कारण चूक जिद्दीची नसते, एकाच वेळी दहा गोष्टी बदलल्या की कुणाच्याही त्या टिकत नाहीत. म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच की वर्षभराने सुद्धा मी हे करत असेन असं ज्याबद्दल वाटतं तेवढाच बदल आज करा, अगदी छोटा वाटला तरी चालेल.

पहिला आठवडा तर काहीच बदलू नका. फक्त लिहा. काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं, वहीत लिहा किंवा फोनमधे लिहा, पण खाल्ल्या खाल्ल्या लिहा, रात्री आठवून लिहायला बसलात की निम्मं विसरलेलं असतं. स्वयंपाक करताना तोंडात टाकलेलं, मुलांच्या ताटात उरलेलं संपवलेलं, कॉफीतली साखर, सगळं लिहायचं. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, त्याच काट्यावर वजन करा आणि ते पण लिहा. त्या एका दिवसाच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नका, कारण आदल्या दिवशी मीठ जास्त पडलं, पोट साफ झालं नाही, पाळी जवळ आली, एवढ्याने सुद्धा काटा किलो-दीड किलो इकडे तिकडे होतो. सात दिवसांची सरासरी काढायची आणि या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघायची. रोज काट्यावर उभं राहून ज्यांना टेन्शन येतं त्यांनी आठवड्यातून एकदाच करा. टेपने कंबर पण मोजून ठेवा, श्वास सोडून, पोट आत न ओढता. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा असा एक सोपा हिशोब आहे, म्हणजे १६० सेंटिमीटर उंची असेल तर कंबर ८० च्या आत.

आता थोडं गणित, हे नीट समजून घ्या म्हणजे पुढे कुणी काहीही विकायला आलं तरी फसणार नाही. शरीरातली १ किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज ५०० कॅलरी कमी पडल्या तर कागदावर आठवड्याला अर्धा किलो जातं, प्रत्यक्षात जरा कमीच, कारण वजन उतरेल तसा शरीराचा खर्च पण उतरतो. तुमचा खर्च किती याचा अंदाज घ्यायला मिफ्लिन-सेंट जॉर नावाचं सूत्र आहे: वजन किलोमधे गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमधे गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, आणि मग पुरुषांनी त्यात ५ मिळवायचे, बायकांनी १६१ वजा करायचे. समजा ३५ वर्षांची बाई आहे, उंची १६० आणि वजन ७५, तर १,४१४ येतात. हा नुसतं पडून राहिल्यावरचा खर्च. बसून काम असेल आणि थोडीफार हालचाल असेल तर त्याला १.४ ने गुणा, म्हणजे १,९८० च्या आसपास, आणि यातून ४००-५०० कमी केले की दिवसाचं खाणं साधारण १,५०० वर येतं. हा अंदाजच आहे बरं का, तीन आठवडे तेवढं खाऊन बघा आणि सरासरी काय म्हणते त्याप्रमाणे थोडं वरखाली करा.

पहिल्या आठवड्यात कधीकधी दोन किलो जातात आणि माणूस खूश होतो. त्यातलं बरंचसं पाणी असतं. शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं, खाणं कमी झालं की तो साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जातं. "सात दिवसांत पाच किलो" वाल्या जाहिराती मुख्यतः याच पाण्यावर चालतात. घाम काढणारे पट्टे आणि प्लॅस्टिकचे सूट पण तसेच, पाणी प्यायलं की वजन परत. चरबी जाते ती मुख्यतः श्वासातून, १० किलो चरबी जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडते आणि राहिलेली १.६ किलो पाणी होऊन. मला स्वतःला ही गोष्ट फार आवडते, म्हणून सांगितली.

खाण्यात पहिली कात्री कुठे लावायची? पिण्याच्या कॅलरीजना. अर्ध्या लिटरच्या कोल्ड्रिंकमधे पन्नासेक ग्रॅम साखर असते, म्हणजे २०० च्या वर कॅलरी, आणि एवढं पिऊन पोट भरल्यासारखं काही वाटत नाही, जेवण आहे तेवढंच जातं. फळांचा रस पण याच खात्यात धरा, फळ चावून खा. चहा-कॉफीतली साखर एकदम सोडायला जमत नसेल तर दर आठवड्याला पाव चमचा कमी करत न्या, जीभ महिन्याभरात सरावते.

दुसरी जागा म्हणजे तेल. सगळ्यात दुर्लक्षित. एका ग्रॅम फॅटमधे ९ कॅलरी असतात, प्रोटीन आणि कार्ब्समधे (धान्य, साखर वगैरेंतून मिळतात ते) ४, त्यामुळे एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, मग ते तेल कितीही हेल्दी का असेना. बाटलीतून थेट कढईत ओतू नका, चमच्याने मोजून घाला, बस. सुकामेवा आणि शेंगदाणे पण तब्येतीला चांगले पण १०० ग्रॅममधे साधारण ६०० कॅलरी, तेव्हा डबा समोर घेऊन बसायचं नाही, मूठभर काढून घ्यायचे आणि डबा परत ठेवून द्यायचा.

आणि तिसरं म्हणजे पाकिटातलं खाणं. याबद्दल २०१९ साली अमेरिकेत एक चांगला प्रयोग झाला, २० जणांना दोन आठवडे फॅक्टरीत बनलेलं तयार खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं ताजं, दोन्हीकडे समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, फॅट, फायबर सारखं, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. तयार खाण्यावर लोकांनी रोज ५०० च्या आसपास कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत जवळजवळ किलोभर वजन वाढलं! म्हणजे अशा खाण्यापुढे कुणाचाही हात थांबत नाही, तुमचा एकट्याचाच नाही. ते घरात आणूच नका, घरात असलं की रात्री दहा वाजता आठवण येतेच.

काढायचं काय ते झालं, आता घालायचं काय. प्रोटीन वाढवा. त्याने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि वजन उतरताना स्नायू कमी झिजतात. वजन कमी करत असताना किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम रोज हा चांगला आकडा आहे (वजन खूपच जास्त असेल तर सध्याच्या वजनावर नको, जिथे पोचायचंय त्या वजनावर हिशोब करा, आणि किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका). एका अंड्यात ६ ग्रॅम, शिजलेल्या कडधान्याच्या १०० ग्रॅममधे ८-९, शिजलेल्या चिकनच्या १०० ग्रॅममधे ३० च्या आसपास. प्रत्येक जेवणात यातलं काहीतरी हवंच, सकाळच्या खाण्यात सुद्धा, कारण बऱ्याच लोकांचा सकाळचा नाश्ता म्हणजे नुसतं पीठ आणि साखर असते आणि मग अकरा वाजता परत भूक. अर्धं ताट भाज्यांचं, पाव ताट प्रोटीनचं, पाव ताट धान्याचं, एवढं डोळ्यांनी जरी सांभाळलं तरी कॅलरी मोजायची गरज बऱ्याच जणांना पडत नाही. फायबर दिवसाला निदान २५ ग्रॅम, ते भाज्या, सालीसकट फळं, कडधान्यं आणि अख्ख्या धान्यातून आपोआप येतं, मात्र एकदम वाढवलं तर पोट फुगतं, हळूहळू वाढवा आणि पाणी प्या.

लो कार्ब करू की लो फॅट, सोळा तास उपास करू की दिवसातून सहा वेळा खाऊ, यावर लोक तावातावाने भांडतात. २०१८ साली ६०० वर लोकांवर वर्षभराचा अभ्यास झाला, निम्मे लो फॅटवर आणि निम्मे लो कार्बवर, शेवटी सरासरी एकांचं ५.३ किलो गेलं आणि दुसऱ्यांचं ६, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाहीच. तुम्हाला जे जमतं, ज्यात चिडचिड होत नाही, ते करा.

व्यायामाबद्दल स्पष्ट बोलायचं तर नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही. ७० किलोचा माणूस तासभर बऱ्या वेगाने चालला तर २५० च्या आसपास कॅलरी जातात आणि तेवढ्या पाच मिनिटांत खाऊन होतात. तरीही व्यायाम सोडायचा नाही, उतरलेलं वजन टिकवून धरायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, शिवाय हृदय, साखर, झोप, मूड सगळ्याला फायदा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम लागला पाहिजे.

अजिबात सवय नसेल तर जेवणानंतर दहा मिनिटं चालण्यापासून सुरू करा आणि दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा. पळायची घाई नको, जास्त वजनात पळणं गुडघ्यांना आणि घोट्यांना जड जातं, त्यापेक्षा चालणं, सायकल, पोहणं बरं. दिवसाला दहा हजार पावलं झालीच पाहिजेत असंही काही नाही, तो आकडा जपानमधे १९६५ च्या सुमारास आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून पसरला. सध्या तीन हजार होत असतील तर पाच हजार करा. फोनवर बोलताना चाला, लिफ्ट सोडा, तासाला एकदा उठा, दिवसभराची ही बारीकसारीक हालचाल मिळून कधीकधी अर्ध्या तासाच्या वॉकपेक्षा जास्त भरते.

स्ट्रेंथ ट्रेनिंग मात्र टाळू नका, आणि हे मी बायकांना जास्त कळकळीने सांगतेय, वजनं उचलून शरीर पुरुषी होत नाही, ती भीती काढून टाका. नुसतं खाणं कमी केलं तर चरबीबरोबर स्नायू पण जातात, मग काटा खाली येतो पण अंगात ताकद राहत नाही. घरच्या घरी करता येतं: खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं, भिंतीवर हात ठेवून पुशअप्स, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, सामान भरलेली पिशवी वाकून छातीकडे ओढणं, आणि प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून राहणं). प्लँक जमेल तितका वेळ धरायचा, बाकी प्रत्येक ८ ते १२ वेळा, दोन-तीन सेट, आठवड्यातून दोन दिवस, मधे एक-दोन दिवसांची सुट्टी. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत, सोपं वाटायला लागलं की उचलायचं वजन वाढवा किंवा खुर्ची बाजूला काढा. आणि पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी जात नाही, ती कुठून आधी जाणार हे शरीर ठरवतं.

झोपेकडे लक्ष द्या. २०२२ सालच्या एका प्रयोगात साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या लोकांची झोप रोज तासाभराच्या वर वाढवली आणि खाण्याबद्दल काही न सांगता त्यांचं खाणं दिवसाला २७० कॅलरींनी कमी झालं. सात तास तरी हवेतच.

मधे वजन अडकतं, सगळ्यांचंच अडकतं. तीन-चार आठवडे सरासरी हललीच नाही तरच काहीतरी बदला, त्याआधी नाही. आधी पुन्हा एक आठवडा प्रामाणिकपणे लिहा, बहुतेक वेळा चमचे मोठे झालेले असतात आणि वाढप सैल झालेलं असतं. ते सगळं ठीक असेल तर नवीन वजनाने गणित पुन्हा करा. बायकांनी पाळीच्या आधीचा आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून बघावा, नाहीतर उगाच निराशा येते. आणि एखाद्या दिवशी समारंभात भरपूर खाल्लं गेलं तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करू नका, पुढचं जेवण नेहमीसारखं जेवा.

आठवड्याला अर्धा, फार तर एक किलो, यापेक्षा घाई नको, फार झपाट्याने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते. डायबेटिसची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करायच्या आधी डॉक्टरांशी बोला, साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, खाण्याबद्दल कधी मानसिक त्रास झाला असेल, चालताना छातीत दुखत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर. थायरॉइड, पीसीओएस (बायकांमधला हार्मोन्सचा एक त्रास), काही औषधं यांनीही वजन वाढतं, तेव्हा सगळं करूनही काटा हलत नसेल तर तपासून घ्या. आणि वीस-तीस किलो कमी करायचेत हे बघून घाबरू नका, अमेरिकेत डायबेटिसच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांचा एक मोठा अभ्यास २००२ मधे छापून आला, त्यात ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल एवढंच टार्गेट होतं आणि तेवढ्याने डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो.

हव्या त्या वजनाला पोचलात की एकदम जुन्या खाण्यावर जाऊ नका, दर दोन आठवड्यांनी रोजच्या खाण्यात १००-१५० कॅलरी वाढवत जा, सरासरी थांबली की तिथे थांबा. व्यायाम तसाच चालू. आठवड्यातून एकदा काटा बघत रहा, आणि दोन किलोच्या वर वाढलं की पुन्हा आठवडाभर लिहायला बसा.