केसांना फाटे फुटले? आधी कात्री शोधा

मागच्या हप्त्यात शेजारची पोट्टी वेणीचं टोक हातात घेऊन आली, म्हणे ताई याच्यावर कोणतं तेल लावू. मी टोक उन्हात धरून पाह्यलं तर एकेका केसाला दोन दोन फाटे, कुठं तीन, आणि मधेमधे बारीक पांढरे ठिपके, म्हणजे तिथून केस मोडायच्या बेतात. तिले म्हटलं तेल राहू दे, कात्री आण. तर तिचा चेहरा असा झाला जसं काही मी अख्खी वेणीच मागितली.

तर बोलण्याला फाटे न फोडता सांगते. फाटा फुटलेला केस परत जुळत नाही. अंड्यानं नाही, मेहंदीनं नाही, कांद्याच्या रसानं तर नाहीच नाही. जिवंत जे काही असतं ते डोक्याच्या कातडीत, मुळाशी, बाहेर आलेला केस मेलेलाच असतो म्हणून तर कापताना दुखत नाही. त्याच्यावर बारीक खवले असतात एकावर एक, आपल्या कवेलूच्या घरासारखे. वानरं धिंगाणा घालून गेली की कवेलू सरकतात, मग पाणी आत शिरून भिंत फुगते, तस्संच, खवले निघाले की आतले धागे उघडे पडतात आणि टोक चिरतं. घराचे कवेलू पावसाळ्याआधी फेरता येतात, केसाचे येत नाहीत एवढाच फरक. बाटलीवर रिपेअर लिहिलेलं सीरम सिलिकॉननं दोन फाटे चिकटवून ठेवतं, पुढच्या न्हाण्यापर्यंत. लग्नाला जायचं असेल तर लावा, माझं काही म्हणणं नाही.

आणि टोकच का फाटतं? केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. तुमची वेणी ७० सेंटीमीटर असेल तर टोकानं पाचेक उन्हाळे काढलेत. तेही आपल्याकडचे, ४५ डिग्रीवाले.

आता कापायचं कसं. पार्लरमधेच जायला पाहिजे असं नाही. मी एकदा तालुक्याला गेले होते, दोन बोटं काढा म्हटलं तर बाईनं वीतभर उडवली वरून म्हणे आता छान दिसते, तेव्हापासून घरीच. कात्री मात्र चांगली पाहिजे, शिलाई मशीनवाल्यांकडं असते तशी धारदार, आणि ती केसांसाठीच वेगळी ठेवायची. दुधाची पिशवी कापायची बोथट कात्री केस कापत नाही, चेंगरते, आणि चेंगरलेल्या जागी पंधरा दिवसांत नवा फाटा. केस कोरडे, विंचरलेले. सकाळच्या उन्हात ओसरीवर बसा, मांडीवर पांढरा कपडा घ्या म्हणजे काळं टोक स्पष्ट दिसतं (ज्यांचे पिकले त्यांनी काळा घ्या). बोटाएवढी बट घ्यायची, तिला दोरीसारखा पीळ द्यायचा, पीळ दिला की खराब टोकं आपोआप बाजूला उभी राहतात, तेवढीच कापायची. जिथं फाटा सुरू होतो तिथं नाही, त्याच्या अर्धा सेंटीमीटर वर, कारण चीर दिसते त्याच्यापेक्षा थोडी वर गेलेली असते. पूर्ण डोक्याला तासभर लागतो, मी दोन दिवसांत करते, टीव्ही पाहत नाही, कारण एकदा पाहता पाहता चांगली बट उडवली होती. तीन महिन्यांनी परत. आणि बसल्या बसल्या फाटा दोन बोटांत धरून चिरत नेऊ नका, मला माहीत आहे मजा येते, पण अंबाडीचा दोर उसवत जातो तसा तो वर जातो आणि मग अर्धा केस गेला. मेणबत्तीनं टोकं जाळायचा व्हिडिओ फिरतो त्याच्या नादी तर अजिबात लागू नका, जळल्यावर केस आणखीन ठिसूळ होतो.

घरातून विरोध होणार हे धरून चाला. आमच्या आत्याबाई पहिल्यांदा पाहून ओरडल्याच, "काऊन व, केसं कापून राहिली का? आज शनिवार हाय!" मी तेव्हापासून बुधवारी कापते. वारावरून घरात भांडण घेण्यात काही अर्थ नाही, केसाला वार कळत नाही पण आत्याबाईंना कळतो.

कापणं झालं, आता नवीन फाटे कमी कसे फुटतील ते. आमच्याकडं पहिला दुश्मन पाणी. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगानं अमरावती, अकोला, बुलढाणा असा हा पट्टा पसरलाय, बोअरचं पाणी खारं आणि जड. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. तोच थर केसावर बसतो, केस रखरखीत होतात, एकमेकांत अडकतात आणि विंचरताना तुटतात. नळाचं पाणी आलं त्या दिवशी डोकं धुवा, नळ नसेल तर बोअरनं धुऊन शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या कॅनमधले घ्या, तेवढं पाणी डोक्यासाठी काढलं तर कोणी उपाशी मरत नाही. पावसाळ्यात तर पन्हाळीखाली बादली लावा, पहिला पाऊस सोडून, कारण त्यात छपराची घाण येते. निंबू चालतं पण एक लिटर पाण्याला एक छोटा चमचा, जास्त नाही, आणि नंतर साधं पाणी घ्या, कारण निंबाचा रस अंगावर राहून ऊन लागलं तर कातडी काळी पडते. जड पाण्यात अंगाचा साबण तर डोक्याला लावूच नका, त्याचा चिकट मळ बसतो. शिकेकाईचा तसा मळ होत नाही, पण रात्री भिजवून उकळून गाळलेलं पाणी वापरा. पावडर तशीच चोळली तर ती पॉलिश पेपरासारखी घासते.

न्हाऊन झाल्यावर टॉवेलनं केसांना फटके मारायची सवय आपल्या सगळ्यांची, मायनं मारले म्हणून आपण मारतो. बंद करा. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो. जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून दाबा, बस. विंचरायचं रुंद दात्यांच्या फणीनं, खालून सुरुवात, गुंता सुटला की चार बोटं वर. वरून ओढली की सगळा गुंता टोकाशी जमा होतो आणि तिथं कचकच तुटतात. ओल्या केसांवर तर तसं करूच नका.

दिवाळीच्या आगंमागं कापूस वेचणी सुरू झाली की माझ्या केसांचे सगळ्यात जास्त हाल होतात. साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला सुती फडकं, दिवसभर घासतं, वरून गाठोड्याची चुंबळ. मी आता फडक्याच्या आतून जुन्या गुळगुळीत साडीचा तुकडा बांधते, वेणी मोकळी सोडत नाही, आंबाडा घालते म्हणजे टोकं आत राहतात. तोच तुकडा रात्री उशीवर. पैसाभर खर्च नाही. साधं रबर लावू नका, कापडी लावा.

तेलाचं म्हणाल तर धुवायच्या आदल्या रात्री खोबरेल, टोकांना जास्त. २००३ साली छापलेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं आणि मिनरल ऑइल लावून पाह्यलं होतं, केसातलं प्रोटीन धुऊन जाणं फक्त खोबरेलनं कमी झालं कारण ते आत शिरतं. अभ्यास करणारे तेलाच्या कंपनीचेच लोक होते हेही सांगून ठेवते. पण माझा अनुभव तोच आहे.

कोणाचे केस कुरळे, रखरखीत असतील तर जवस. घरच्या चटणीसाठी असतेच. दोन चमचे जवस, दीड गिलास पाणी, मंद आचेवर, हलवत राहायचं, चमच्यावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की उतरवायचं आणि गरम असतानाच जुन्या ओढणीतून गाळायचं. मी पहिल्यांदा थंड होऊ दिलं, म्हटलं हात भाजतो. मग ते ओढणीतून निघेचना, पिळता पिळता अर्धं माझ्या कोपरापर्यंत आलं आणि पोरगं म्हणे आई तुला शेंबूड लागला. फ्रिजमधे हप्ताभर टिकतं, मे महिन्यात बाहेर ठेवलं तर दुसऱ्या दिवशी वास मारतं. ओल्या केसांच्या टोकांना थोडंसंच. यानंही फाटा जुळत नाही, फक्त केस गुळगुळीत राहून घासणं कमी होतं.

स्ट्रेटनिंगची मशीन कमीत कमी, ओल्या केसांवर तर नाहीच, आतलं पाणी वाफ होऊन केस फुगतो आणि फुटतो. मुळापासून मूठ मूठ गळत असतील तर ते फाट्याचं दुखणं नाही, सरकारी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन पाहून घ्या.

कापलेले बारीक तुकडे झाडूनं भरून टाका. फणीतलं गुंतवळ मात्र अंगणात फेकू नका, कोंबड्यांच्या पायात अडकून आवळलं जातं, आमच्या एका तलंगीचं बोट त्यानंच काळं पडलं होतं. डब्यात जमा करा, केसांवर भांडे देणारी बाई आली की काढा. मागच्या वेळी मला चाळणी मिळाली.