मोपाहून विमान पकडण्याआधी

माझा भाचा पुढच्या महिन्यात गोव्यातल्या मोपा विमानतळावरून दुबईला निघालाय, एसी टेक्निशियन म्हणून. त्याच कामात मी तिथे अकरा वर्षं काढली, म्हणून बहिणीने त्याला माझ्यासमोर आणून बसवला. त्याला सांगितलं तेच इथे लिहितो. पेडणे-डिचोलीची आणखीही पोरं जायच्या तयारीत आहेत.

एजंट म्हणाला, "आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे व्हिसा बदलून मिळेल," तर उठून घरी ये. व्हिजिटवर काम करणं बेकायदा. पगार थकला तर तक्रार कुठल्या तोंडाने करशील? एजंटची नोंदणी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते, ती बघ. त्याला 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. माझ्याकडून 2009 साली ऐंशी हजार घेतले, पावती मागितली तर हसला. आईच्या पाटल्या सोडवायला दोन वर्षं लागली.

आता कागद. ऑफर लेटर हिंदीतही मिळतं, मागून घे. सगळे एकूण पगाराचा आकडा बघून खूश होतात. तू बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार बघ. एकूण 1,800 दिरहम आणि बेसिक फक्त 800, असं सर्रास असतं. ओव्हरटाइम बेसिकवर, नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही बेसिकवर. पहिली पाच वर्षं दर वर्षामागे 21 दिवसांचं बेसिक मिळतं. म्हणजे 800 वर वर्षाला 560 दिरहम, 1,500 वर 1,050. हा हिशेब मला नोकरी सोडताना कळला.

पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं तिथल्या कायद्यात बसत नाही. तरी मागतात. पासपोर्ट, व्हिसा, कंत्राट यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेव आणि आईलाही पाठव. पगाराच्या स्लिपा फेकू नकोस. एका कंपनीने आमचे तीन महिने थकवले. माझ्याकडे स्लिपा होत्या, माझे मिळाले. शेजारच्या खाटेवरचा बिहारी पोरगा मोकळ्या हाताने घरी गेला. अडलास तर भारतीय वकिलातीत जा, लाजू नकोस. आणि रूममेटला तुझ्या नावावर सिम काढून देऊ नकोस, कितीही जिगरी असला तरी.

15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करवून घ्यायला बंदी आहे. आपण मात्र गच्चीवर आउटडोअर युनिट उघडून बसलेले असतो, सुपरवायझर म्हणतो, "पाचच मिनिटं." ती पाच मिनिटं द्यायची नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर एक जण कोसळलाय.

बॅग आईला एकटीला भरू देऊ नकोस. खसखस तिकडे अमली पदार्थात मोजतात, त्यामुळे खसखस घातलेला कोंबडीच्या शागुतीचा मसालाही नको. कोडीनचं खोकल्याचं औषधही नको. शेजारीण "एवढं माझ्या लेकाला दे" म्हणून पुडकं आणेल, ते उघडून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. रागावली तर रागावू दे.

चतुर्थीच्या रजेचं पहिल्या महिन्यातच बोलून ठेव, आणि पहिल्या वर्षी मिळणार नाही असंच धरून चाल. व्हिडिओ कॉलवर गणपतीवर बांधलेली फळाफुलांची माटोळी बघताना घसा दाटतो, ते ठरलेलंच.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, कोकमाचं आगळ किती बाटल्या नेऊ?"

एक. चेक-इनच्या बॅगेत, झाकणाला टेप मारून.