ईएसआयचा बेकारी भत्ता काढताय? लॉगिनवर अडकण्याआधी या चुका टाळा

"भाऊ, पासवर्ड चुकला म्हणून राहिलं हे."

नागपूरजवळच्या बुटीबोरीतून काम सुटलेलं पोट्टं माझ्या सेतूत शिरलं की पहिलं वाक्य हेच असतं. वर्धा जिल्ह्यातल्या जामच्या आसपासच्या गावांतली कितीतरी तरणी पोरं एमआयडीसीत ठेकेदाराकडे जातात. ठेका संपला की एकाच दिवशी वीस-पंचवीस जण घरी, आणि पुढचा आठवडा माझ्या दुकानासमोर मोटारसायकलींची रांग. बारा वर्षं हेच करून राहिलो. खरोखर पासवर्ड विसरलेला माणूस मला क्वचित भेटतो. बाकीच्यांची गडबड खातं उघडलं तेव्हाचीच असते. ती पासवर्ड बदलून सुटत नाही, उलट दहा वेळा चुकीचा टाकून खातं लॉक होते ते वेगळंच.

आधी मी कोणत्या भत्त्याबद्दल बोलतोय ते सांगतो. व्हॉट्सॲपवर 'बेरोजगारांना महिना पाच हजार, लिंक दाबा' असे मेसेज फिरतात. ती लिंक दाबून झाल्यावर माझ्याकडे येऊ नका, बँकेत जा आणि आधी खातं बंद करा. माझा विषय आहे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ ला सुरू झाली. ज्याच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापलं जात होतं आणि ज्याचं काम त्याच्या चुकीशिवाय गेलं, त्याच्यासाठी. आधी सरासरी रोजाच्या २५ टक्के मिळत, २०२० मध्ये ते ५० टक्के झाले. काम सुटून ३० दिवस झाले की अर्ज करता येतो, जास्तीत जास्त ९० दिवसांचे पैसे, आणि तेही जन्मात एकदाच. दोन वर्षं सलग १५ हजार पगार असेल तर बावीस हजारांच्या आसपास बसतात. योजना मुदतीची आहे, मुदतवाढ मिळत आली आहे. अर्ज भरायच्या दिवशी ती चालू आहे का हे ईएसआयच्या शाखा कार्यालयात किंवा १८००-११-२५२६ वर विचारून घ्या.

हिंगणघाटकडच्या जिनिंगमधले लोकही येतात. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत रेच्यांवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या मशीनवर, राबलेले असतात, आणि त्यांना सांगताना मलाच जड जाते. हंगामी कारखान्यांना ईएसआयचा कायदा लागू होत नाही, आणि कापसाचं जिनिंग-प्रेसिंग त्या हंगामी यादीत नाव घेऊन लिहिलेलं आहे. त्यांचं खातं उघडत नाही, कारण खातंच नाही. हे न पाहता लॉगिनचे शंभर रुपये घेणारे सेतूवालेही आहेत. असो.

सुपरवायझरचा मोबाईल नंबर

ही माझी सगळ्यात नावडती चूक. आणि ती तुम्ही करत नाही, तुमच्यासमोर केली जाते आणि तुम्ही गप्प बसता.

कामाला लागायच्या दिवशी गेटवर फॉर्म भरतात. ठेकेदाराच्या क्लार्कला पन्नास जणांचे भरायचे असतात. कोणाच्या फोनमध्ये बॅलन्स नाही, कोणाची रेंज गेलेली, ओटीपी यायला वेळ लागते. मग सुपरवायझर म्हणतो, "टाक ना माझा नंबर, मी सांगतो ओटीपी." दोन मिनिटांत काम होते. सगळे खूश.

मागच्या मे महिन्यात आमच्याच तालुक्यातला एक पोरगा आला. भर दुपारी, डोक्याला दुपट्टा बांधून. तीन सेतू फिरून आलेला. नोंदणीला विमा नंबर टाकला, जन्मतारीख टाकली, आणि पडद्यावर मोबाईलचे शेवटचे चार आकडे आले. त्याचे नव्हते. सुपरवायझरचे होते, आणि सुपरवायझर वर्षभरापूर्वी काम सोडून निघून गेलेला. नंबर लावला तर एका बाईने उचलला. बंद पडलेला नंबर कंपनीने तिला दिला होता. पोरगा म्हणतो, "ताई, तुमच्या फोनवर सहा आकडे आले असतील, सांगता का?" बाईने त्याला जे झापलं ते माझ्या टेबलापर्यंत ऐकू आलं. "ओटीपी मागतो काय रे? पोलिसात देऊ?" फोन बंद. मी मनात म्हटलं, बाई हुशार आहे. आपल्या गावात इतकी जागरूकता असती तर माझी निम्मी डोकेदुखी गेली असती.

मग काय केलं? ऑनलाइन काहीच नाही. कोऱ्या कागदावर अर्ज, सोबत आधार, पासबुक आणि ई-पहचान कार्डाची (ईएसआयचं ओळखपत्र) झेरॉक्स, आणि शाखा कार्यालयाची वाट. पहिल्या फेरीत साहेब जागेवर नव्हते. दुसऱ्या फेरीत निघालं की आधारवर नाव बापाच्या नावासकट आहे आणि ईएसआयमध्ये नुसतं नाव-आडनाव. तिसऱ्या फेरीत नंबर बदलला. एसटीचं भाडं, तीन दिवसांची मजुरी, सगळं त्या दोन मिनिटांपायी.

माझी पद्धत अशी आहे. आधी आधार. त्याला जोडलेला मोबाईल तुमच्या खिशात आहे ना, एवढंच मी पाहतो. नसेल तर दुसरं काही हात लावत नाही. आधार केंद्रावर मोबाईल बदलायला कागदपत्र लागत नाही, अंगठा लागतो. ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे ७५ रुपये आहेत. गावात केंद्र नसेल तर पोस्टमनला विचारा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या मशीनवर तोही मोबाईल जोडून देतो, हे लोकांना माहीतच नसते. आधार झाल्यावर पीएफ, मग ईएसआय. पीएफचं एक बरं आहे. तिथे जुना नंबर गेला असला तरी 'पासवर्ड विसरलो'मधून नाव, जन्मतारीख आणि आधार जुळवून नवा नंबर टाकता येतो. ईएसआयला मात्र जुना नंबर हातात नसेल तर मी सरळ कार्यालय दाखवतो.

आणि हो, आम्ही सेतूवालेही साधू नाही. सुरुवातीच्या वर्षांत मीसुद्धा लोकांच्या खात्यात माझा ईमेल टाकला आहे. कोणाकडे ईमेलच नव्हता, काम थांबू नये म्हणून. आजही कधीमधी ओळखीचं नसलेलं नाव घेऊन एखादा मेल येतो आणि मी कपाळावर हात मारतो.

'नवीनच काढून दे ना भाऊ'

उघडत नाही म्हटल्यावर पोरांना सुचणारा पहिला उपाय म्हणजे नवं खातं. सिमकार्डासारखं. जुनं फेका, नवं घ्या.

ईएसआयचा विमा नंबर दहा आकडी असतो आणि ठेकेदार कितीही बदलले तरी माणसाचा एकच राहायला पाहिजे. प्रत्यक्षात प्रत्येक ठेकेदार विचारतो, "पहिले नंबर होता काय?" पोरगा म्हणतो, "नाही." त्याला खरंच माहीत नसते, किंवा सांगितलं तर जुन्या ठेकेदाराचं लफडं निघेल अशी भीती. झाला नवा नंबर. वर सांगितलेल्या पोराचे असे तीन निघाले. पगाराच्या जुन्या पावत्या आणल्या तेव्हा कळलं. नशीब, आईने पेटीत जपून ठेवल्या होत्या.

याने काय बिघडते ते समजून घ्या, कारण इथे पैसे जातात. ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत मोजतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. काम सुटायच्या लगेच आधीच्या तुकड्यात निदान ७८ दिवसांची वर्गणी, म्हणजे भरलेलं ईएसआय, पाहिजे, आणि त्याआधीच्या तीनपैकी एका तुकड्यात पुन्हा ७८. दिवस तीन नंबरांत वाटले गेले की कोणत्याच नंबरावर हिशेब पुरा होत नाही. पोरगा दोन वर्षं राबलेला आणि पडद्यावर अपात्र. वरून सरासरी काढताना चार तुकड्यांच्या एकूण पगाराला ७३० ने भागतात. अर्धा पगार दुसऱ्या नंबरावर पडलेला असेल तर भागाकार तोच आणि वरचा आकडा अर्धा.

नंबर एकत्र करून मिळतात. शाखा कार्यालयात सगळे नंबर लिहून अर्ज द्यायचा, जो नंबर चालू ठेवायचा तो स्पष्ट सांगायचा. वेळ लागतो. त्या पोराला दीड महिना लागला. या दीड महिन्यात तो दर दोन दिवसांनी येऊन म्हणायचा, "भाऊ, चौथा काढला तर नाही चालणार?" मी त्याला चहा पाजून परत पाठवायचो.

पीएफच्या यूएएनचं, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबराचं, तसंच. बारा आकडी, एका माणसाला एक. दोन असतील तर जुन्यातले पैसे नव्यात वळते करा, मग पुढचं बोला. नोंदवलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला की तुमच्या यूएएनची माहिती मेसेजने येते. हे फुकट आहे. त्यासाठी मला पैसे देऊ नका.

बाकीच्या, पटापट

ओटीपी. आमच्याकडे रेंज दुकानाच्या स्लॅबवर येते. पोरगं खाली बसून पाच वेळा 'पुन्हा पाठवा' दाबते, मग वर चढते, आणि पाचही एकदम टुणटुण येतात. ते धावत खाली येऊन पहिला वाचून दाखवते. चालतो फक्त शेवटचा. एकदा दाबा, आणि फोन वर ठेवून या.

जन्मतारीख. आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेल्या तारखा, म्हणून अर्ध्या गावाचा वाढदिवस जूनमध्ये. काहींच्या जुन्या आधारवर नुसतं वर्षच छापलेलं, आणि सिस्टीममध्ये ते १ जानेवारी धरलेलं. कंपनीने टीसी पाहून टाकली असेल तर दोन्ही जुळत नाहीत. अंदाजाने चार तारखा टाकून पाहू नका. ई-पहचान कार्डावर छापलेली आहे ती पाहा, तीच टाका. पीएफमधली तारीख किंवा नाव चुकलं असेल आणि यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा व आधारने पडताळलेला असेल, तर जानेवारी २०२५ पासून कंपनीच्या सहीशिवाय ऑनलाइन दुरुस्ती होते. त्याआधीचा यूएएन असेल तर कंपनीची पायरी चढावी लागते.

बँक. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी डोळे मिटून टाकू नका. बँकेत जा, नवं पान छापून आणा, त्यावरचा टाका. देना बँक आणि अलाहाबाद बँकेची पासबुकं घेऊन येणारी माणसं मला अजून भेटतात. खातं दुसऱ्या बँकेत जाऊन कितीतरी वर्षं झाली, पासबुक तेच.

अंगठा. सिमेंटचं किंवा केमिकलचं काम केलेल्याचे ठसे उमटत नाहीत. पाच-सहा वेळा दाबून मशीनवर राग काढू नका. चेहऱ्याने किंवा डोळ्याने होते का ते विचारा.

पीएफचं पासबुक. नोंदणी केल्यावर सहा तास दिसत नाही. 'पैसे गायब' म्हणून रात्री दहाला मला फोन करू नका.

स्टँप पेपर. या भत्त्यासाठीचं प्रतिज्ञापत्र २०२० मध्येच बंद झालं. जुना व्हिडिओ पाहून तहसीलला चकरा मारू नका. आधार आणि बँकेच्या कागदांच्या स्कॅन प्रती लागतात, त्या स्वच्छ काढा. टेबलाच्या कडेवर ठेवून मोबाईलने काढलेला, अर्धा अंगठा आलेला फोटो मी तरी अपलोड करत नाही.

कॅप्चा. तो मोठा ओ आहे की शून्य, यावर वाद घालू नका. बाजूचा गोल बाण दाबून दुसरा आणा.

काम सोडल्याची तारीख

ही चूक लॉगिनची नाही, पण लॉगिन झाल्यावर इथेच गाडी अडते. ठेकेदाराने शेवटच्या महिन्याची वर्गणी भरताना काम सुटल्याचं कारण आणि शेवटचा दिवस टाकला नाही, तर सिस्टीमच्या हिशेबी तुम्ही अजून कामावर आहात. मग भत्ता कसला? पीएफमध्ये शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ही तारीख स्वतः टाकायची सोय आहे, आधार ओटीपीवर. ईएसआयला ठेकेदाराच्या मागे लागावं लागते.

मी पोरांना सांगतो, गेट पास जमा करायच्या दिवशीच क्लार्कला व्हॉट्सॲपवर लिहा: माझा विमा नंबर हा, शेवटचा दिवस हा, तेवढं टाकून द्या. तोंडी नको. तो वाचतो, निळ्या खुणा येतात, महिन्याभराने 'मला कोणी सांगितलंच नाही' म्हणता येत नाही. मुजोर ठेकेदार असेल तर त्या मेसेजची प्रिंट शाखा कार्यालयातल्या अर्जाला जोडता येते.

त्या तीन नंबरवाल्या पोराचे पैसे शेवटी आले. पोळ्याच्या आधी आले, म्हणून त्याचा बाप स्वतः सांगायला आला. दिवाळीनंतर पोरगा पुन्हा दारात. नव्या ठेकेदाराचा फॉर्म हातात, मोबाईलचा रकाना कोरा.

"भाऊ, सुपरवायझर म्हणते तुमचाच टाका."

"माझा म्हणजे कोणाचा?"

"तुमचा. सेतूचा."

मी पेन त्याच्या हातात दिला आणि त्याला त्याचा नंबर स्वतः लिहायला लावला. दहा आकडे लिहायला त्याला दोनदा फोन काढून पाहावा लागला.