लेव्हल स्विचची देखभाल करताना या चुका टाळा

लेव्हल स्विच म्हणजे टाकीतली पातळी ठरावीक उंचीला पोचली की अलार्म देणारा किंवा पंप बंद करणारा स्विच. त्याच्या टेस्टमधली पहिली चूक अशी: टर्मिनलवरची वायर सोडवायची किंवा दोन टर्मिनल शॉर्ट करायची, कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजला की रजिस्टरवर 'ओके' लिहायचं. या टेस्टमध्ये केबल आणि रिले तपासले जातात, द्रवाबरोबर वरखाली होणारा फ्लोट नाही. तो गाळात रुतला असेल, रॉड वाकला असेल किंवा फ्लोटमध्ये द्रव शिरला असेल, तरी अलार्म वाजणारच. वेळ वाचवण्याचा हा मार्ग मला अजिबात मान्य नाही.

टाकीला बाहेरून जोडलेल्या चेंबरमधला स्विच असेल तर आधी कंट्रोल रूमला कळवा, ट्रिप (पंप किंवा व्हॉल्व्ह आपोआप बंद करणारी जोडणी) बायपास करून टॅग लावा. खालचा-वरचा दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून ड्रेन उघडा. लो स्विच, म्हणजे पातळी खूप खाली गेल्यावर चालणारा, इथेच चालायला हवा. ड्रेनमधून धार बारीक येत असेल तर ड्रेनची लाइन चोंदलेली असू शकते, आधी ती साफ करा. हाय स्विचसाठी (पातळी खूप वर गेल्यावर चालणारा) चेंबरमध्ये टाकीतल्या द्रवाला चालणारं द्रव वरून भरा आणि कंट्रोल रूमशी बोलून, बायपास काढून, पंप किंवा व्हॉल्व्ह खरंच बंद होतोय का, ते जागेवर जाऊन पाहा.

दुसरी चूक याहून घातक: टेस्टनंतर स्विच पूर्ववत न करणं. इंग्लंडमधल्या बन्सफील्ड तेल डेपोत 11 डिसेंबर 2005 ला पहाटे 912 क्रमांकाच्या टाकीत पेट्रोल भरणं चालू होतं. पातळी दाखवणारं गेज अडकलं, पातळी स्थिर दिसत राहिली. शेवटचा आधार होता स्वतंत्र हाय लेव्हल स्विच. त्याचा टेस्टचा लिव्हर नेहमीच्या चालू स्थितीत धरून ठेवायला कुलूप लागायचं. ते कुणी छेडछाड करू नये एवढ्यासाठीच आहे, असं समजून लावलंच नव्हतं. स्विच निकामी राहिला, अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल बाहेर सांडलं आणि 6 वाजून 1 मिनिटाने स्फोट झाला. चाळीसहून अधिक जण जखमी झाले. म्हणून लिव्हर, व्हॉल्व्ह, जंपर (बायपाससाठी लावलेली वायर) या तिन्हींची स्थिती टेस्ट संपल्यावर दुसऱ्या माणसाकडून तपासून सही घ्या. नव्या पोरांना हीच सही फालतू वाटते. मी तिच्याशिवाय काम संपलं असं मानत नाही.

व्हायब्रेटिंग फोर्कच्या (कंपनांवरून द्रव ओळखणारा स्विच) दोन दांड्यांमध्ये साचलेला थर स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. दांडी वाकली की कंपनांची गती बदलते आणि स्विच खोटं सांगू लागतो. मऊ ब्रश आणि योग्य सॉल्व्हंट वापरा.

रीड स्विचवर (फ्लोटमधल्या चुंबकाने चालणारा नाजूक स्विच) कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) कॉइल थेट चालवू नका, कॉन्टॅक्ट चिकटतो. मध्ये रिले घ्या.

इलेक्ट्रॉनिक स्विच जोडलेला ठेवून केबलला मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावू नका.

हाय अलार्मची वायरिंग अशी हवी की वायर तुटली तरी अलार्म यावा.

पावसाळ्यापूर्वी ग्लँड (केबल आत शिरते तिथलं पाणी रोखणारं फिटिंग) घट्ट करा, न वापरलेल्या एन्ट्रीला प्लग लावा आणि केबलला ग्लँडच्या खाली झोळ द्या. हाउसिंगच्या झाकणाचा ओ-रिंग कडक झाला असेल तर बदला, सिलिकॉन फासून वेळ मारून नेऊ नका.