पोरांचे बोल कालनिर्णयवर टिपा

तीन-चार वर्षांचं पोर दिवसभरात काहीबाही बोलतं, आपण पोट धरून हसतो आणि रात्रीपर्यंत नेमके शब्द विसरतो. त्यासाठी छानशी वही आणायच्या भानगडीत पडू नका, ती कपाटातच राहते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दूधवाल्याच्या खाड्याशेजारीच लिहा. तारीख आयती छापलेली असते, आणि चौकोन एवढासा असल्यामुळे पाल्हाळ लावता येत नाही.

लिहायचं ते मुलाच्याच शब्दांत. ‘मी करलं’ म्हणालं असेल तर ‘केलं’ करू नका. बसलं, पडलं, हसलं ऐकून त्याने नियम बरोबर पकडलाय. अपवाद भाषेनेच केलाय. शिवाय ही रूपं कधी गायब होतात ते कळतही नाही.

प्रसंगाचे दोन शब्द मात्र हवेतच. ‘बाबा, तू लहान झालास की मी तुला कडेवर घेईन’ हे नुसतं वाचलं तर गोड वाटतं. आधी ‘बाबा दमलेला, उचलायला नाही म्हणाला’ एवढं असलं, की ते आश्वासन होतं की टोमणा हे ज्याचं त्याने ठरवावं!

पाहुण्यांसमोर ‘परत म्हण ना’ हा आग्रह टाळा. एकदा टाळ्या मिळाल्या की पोर तेच वाक्य आठवडाभर ऐकवतं (आजी-आजोबांना हे सांगून उपयोग नसतो म्हणा). डिसेंबरअखेर कॅलेंडर रद्दीत जाण्याआधी पानांचे फोटो काढून घ्या.