१०० एमबीपीएसचा प्लॅन, मग स्टीमवर १२ च का दिसतात?

आधी आठाने भागा. जाहिरातीतला आकडा मेगाबिटचा असतो आणि स्टीम, म्हणजे पीसीवर गेम विकत घ्यायचं आणि उतरवायचं ॲप, वेग दाखवतं मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. १०० एमबीपीएसच्या लाइनवर हिशोबाने सेकंदाला १२.५ एमबी येतात. त्यातले पाचेक टक्के डेटाच्या पॅकेटवरच्या (छोट्या तुकड्यांवरच्या) पत्त्यांसारख्या वरखर्चात जातात. म्हणून ११.५ ते १२ दिसत असतील तर लाइन पूर्ण वेगाने चालते आहे, तक्रार नोंदवायची गरज नाही. ५० जीबीचा गेम उतरायला साधारण ७० मिनिटं धरा. सेटिंग्जमधल्या डाउनलोड्स विभागात वेग बिटमध्ये दाखवायची सोय आहे. तिथेच वेगमर्यादा चुकून चालू राहिली नाही ना, तेही बघून घ्या.

प्लॅन ३०० चा आहे आणि आकडा तरीही १२ च्या आसपासच अडतो? मग संशय लॅन केबलवर घ्या. गिगाबिट वेगासाठी (१००० एमबीपीएस) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एक तार तुटली किंवा क्लिप नीट बसली नाही, तरी जोडणी बहुतेक वेळा १०० वर उतरते. विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये इथरनेटचा लिंक स्पीड बघा: १०००/१००० हवा. १००/१०० असेल तर केबल बदला. तरीही फरक पडला नाही तर राउटरचे पोर्ट तपासा. स्वस्त राउटरचे पोर्ट अनेकदा १०० चेच असतात. वायफायवर असाल तर २.४ गिगाहर्ट्झ सोडून ५ वर या, पण मोजणी करताना केबलच लावा.

सगळ्यात जास्त फसवते ती डिस्क. स्टीम गेमचे तुकडे दाबून पाठवतं. ते उलगडायचं काम प्रोसेसरचं आणि लिहायचं डिस्कचं. डिस्क मागे पडली की स्टीम डाउनलोड थांबवून धरतं. डाउनलोड्सच्या पानावर नेटवर्कचा आलेख शून्यावर आणि डिस्कचा वर दिसला, तर मोठा प्लॅन घेऊन काहीही उपयोग नाही. जुन्या हार्ड डिस्कवर हे हमखास होतं. अपडेटमध्ये तर जास्तच, कारण डाउनलोड काहीशे एमबीचं असलं तरी गेमच्या मोठाल्या फाइली पुन्हा लिहाव्या लागतात. गेम एसएसडीवर (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्कवर) हलवा आणि तिथे पुरेशी जागा मोकळी ठेवा.

केबल आणि डिस्क दोन्ही ठीक असतील, तरच स्टीमच्या सेटिंग्जमधलं डाउनलोड रीजन, म्हणजे कुठल्या ठिकाणच्या सर्व्हरवरून गेम उतरवायचा ते, बदलून बघा. मुंबईचा सर्व्हर संध्याकाळी संथ वाटला तर दुसरा जवळचा निवडा, स्टीम पुन्हा सुरू करा आणि दहा मिनिटं आकडा बघा.